पंधरा मिनिटं पेशंटजवळ: नर्सिंगच्या मुलांसाठी व्हीआर बनवताना

आज पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या भागात मी ओघात म्हणून गेले की आम्ही एका नर्सिंग कॉलेजसाठी व्हीआरचं काम करतोय, तर त्यावर बरेच मेसेज आले. बहुतेकांचा प्रश्न एकच, "म्हणजे त्या मुली गेम खेळतात का?" तर आज त्याबद्दल. जरा लांबेल, चहा घेऊन बसा. आणि यात माझ्या हातून झालेली एक चूक पण सांगायची आहे. ती अजून टीमबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

ज्यांनी व्हीआर हेडसेट बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. डोळ्यांवर चढवायचा डबा असतो, साधारण अर्धा किलोचा. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळं चित्र दिसतं आणि तुम्ही मान वळवली की चित्रही वळतं. हे वळणं साधारण २० मिलिसेकंदांच्या आत झालं तर मेंदू फसतो. उशीर झाला की आतला कान म्हणतो मान वळली, डोळे म्हणतात नाही वळली, आणि पोटात ढवळायला लागतं. घाटात एसटीत मोबाईल बघत बसल्यावर जे होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं. माझ्या नोकरीतला बराच वेळ हे ढवळणं थांबवण्यात जातो.

आता नर्सिंगच का? कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, नाव सांगत नाही. बीएस्सी नर्सिंगचं दुसरं वर्ष, ३६ मुली आणि ४ मुलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा आहे, त्यामुळे कॉलेजला काहीतरी करायचं होतं. पण खरी अडचण मला पहिल्यांदा वॉर्डात गेल्यावर दिसली. एक पेशंट, त्याच्याभोवती दहा विद्यार्थी. त्याच दवाखान्यात आणखी कॉलेजांची पोस्टिंग. मॅडम ड्रेसिंग करून दाखवताहेत, पुढच्या तिघींना दिसतंय, मागच्या सात जणी पुढच्यांच्या पाठी बघताहेत. आणि पेशंट बिचारा छताकडे बघतोय. यातली एखादी उद्या स्टाफ नर्स होऊन रात्रपाळीला एकटी उभी राहणार आहे.

माझी आत्या सिस्टर होती, आता रिटायर झाली. ती इंजेक्शन द्यायला शिकली संत्र्यावर. मग एकमेकींच्या दंडावर, आणि मग थेट पेशंट. ती सांगते, पहिल्या पेशंटपेक्षा तिचाच हात जास्त थरथरत होता. खऱ्या माणसाआधी खोट्यावर शिकायचं ही कल्पना तशी जुनीच आहे. १९११ साली अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलनं मार्था चेस नावाच्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली. या बाई मुलांच्या बाहुल्या बनवायच्या. त्या मोठ्या बाहुलीचं नावच 'मिसेस चेस' पडलं. नंतर १९६० मध्ये नॉर्वेच्या ओस्मुंड लार्डाल यांनी सीपीआर शिकवायला 'रेससी अ‍ॅन' आणली. आजही कुठल्याही सीपीआरच्या ट्रेनिंगला गेलात तर जमिनीवर तीच किंवा तिची बहीण पडलेली असते. आणि हे लार्डालही खेळणी बनवणारेच. तेव्हा "गेम खेळतात का" या प्रश्नाचं मला वाईट वाटत नाही. हे खातं पहिल्यापासून खेळणीवाल्यांचंच आहे.

तर आम्ही तिघांनी सुरुवात कशापासून केली? आयव्ही कॅन्युला लावणं. वॉर्डात काही जणी त्याला इंट्राकॅथ म्हणतात. इंजिनिअरला भुरळ पडेल असंच ते आहे. दंडाला टूर्निके बांधा, शीर शोधा, स्पिरिटनं पुसा, सुई १५ ते ३० अंशांत आत घाला, मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की कोन कमी करा, कॅन्युला पुढे सरकवा, सुई बाहेर. कॅन्युलाचे रंगही ठरलेले, गुलाबी म्हणजे २० नंबर, हिरवी १८, निळी २२. सगळं मोजता येतं, सगळ्याला मार्क देता येतात. तीन महिने घातले. शिरेचं मॉडेल इतकं देखणं झालं होतं की मी त्याचा स्क्रीनशॉट लॅपटॉपला लावला होता.

कॉलेजच्या मॅडमनी हेडसेट घातला, एकदा करून बघितलं, काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण शीर डोळ्यांनी शोधत नाहीत हो. बोटानं शोधतात."

झालं. बोटाखाली शीर स्प्रिंगसारखी दबते आणि वर येते, सुई आत शिरताना हाताला एक बारीक झटका कळतो, म्हाताऱ्या माणसाची शीर बाजूला पळते. यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. हातातला कंट्रोलर फक्त थरथरतो. मोबाईल व्हायब्रेटवर असल्यासारखा. मॅडमच्या लॅबमध्ये प्लास्टिकचा एक हात आहे, त्यात लाल पाणी भरलेल्या नळ्या आहेत, आमच्या हेडसेटच्या मानानं अगदीच स्वस्त. या कामासाठी तो आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा सरळ सरळ चांगला आहे. तीन महिन्यांचं काम फोल्डरमध्ये गेलं.

मग मी त्यांना विचारायला हवं होतं तो प्रश्न विचारला. असं काय आहे जे तुम्हाला वॉर्डात शिकवताच येत नाही?

त्यांनी फार विचार न करता सांगितलं, रक्त चढवताना येणारी रिअ‍ॅक्शन.

मला वाटलं होतं सीपीआर म्हणतील. त्यांनी समजावलं. रक्ताची पिशवी लावणं यात हाताचं कौशल्य फारसं नाही. त्याआधी तपासणी आहे. दोघींनी मिळून पेशंटचं नाव, नोंदणी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, एक्स्पायरी, ब्लड बँकेचा फॉर्म पडताळायचा. टेंपरेचर, नाडी, बीपी आधी लिहून ठेवायचं. मग हळू थेंबांवर सुरू करायचं आणि पहिली पंधरा मिनिटं पेशंटपाशी थांबायचं. चुकीच्या गटाचं रक्त गेलं असेल तर बहुतेक वेळा ते या सुरुवातीच्या काळातच कळतं. ताप, थंडी, कंबरेत दुखणं, अस्वस्थ वाटणं, मग बीपी खाली. तेव्हा काय करायचं ते पुस्तकात स्पष्ट आहे. रक्त ताबडतोब बंद, नवा सेट लावून नॉर्मल सलाईननं शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवायचं, नाव-नंबर पुन्हा पडताळायचा, पिशवी सेटसकट ब्लड बँकेकडे. प्रत्येक मुलगी परीक्षेत हे लिहिते. पण शिकत असताना अशी रिअ‍ॅक्शन डोळ्यांनी बघितलेली मुलगी विरळा. आणि मुद्दाम दाखवता तर येत नाही ना!

हे मात्र व्हीआरसाठीच जन्मलेलं काम होतं. यात बोटाला काय कळतं यापेक्षा लक्ष कुठे आहे ते महत्त्वाचं. आणि हेडसेटला ते दर क्षणी माहीत असतं, कारण मान कुठे वळली हे मोजूनच तर तो चित्र दाखवतो.

आम्ही बाहेरची काही तयार सॉफ्टवेअरं बघितली. त्यातले पेशंट स्वच्छ इंग्रजीत सांगतात की मला कंबरेत वेदना होताहेत, दहापैकी सात. आमचा पेशंट असं बोलणार नव्हता. मॅडमनी वर्गात विचारलं, आपल्याकडे पेशंट काय म्हणतात? यादीच आली. "सिस्टर, कसंतरी होतंय." "जीव घाबराघुबरा होतोय." "हुडहुडी भरलीय." "कंबर धरलीय." एक मुलगी म्हणाली, "माझे आजोबा काहीच म्हणणार नाहीत, नुसती चादर ओढून घेतील." तेही घातलं. पुस्तकात रिअ‍ॅक्शनच्या लक्षणांत लिहिलेलं असतं की पेशंटला काहीतरी भयंकर होणार आहे अशी भावना येते. आपल्या वॉर्डात त्याचं भाषांतर "कसंतरी होतंय" असं होतं, आणि ते वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येत असल्यामुळे सोडून दिलं जातं. पेशंटचा आवाज माझ्या बाबांचा आहे. स्वयंपाकघरात रात्री अकराला रेकॉर्ड केला. तिसऱ्या टेकला ते इतकं खरं बोलले की आई धावत आली.

आता ती चूक.

रक्त लावण्याआधी हात स्वच्छ करायचे असतात. पलंगाजवळ हँडरबची बाटली. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे, तळवे, पंज्याची मागची बाजू, बोटांच्या मधे, अंगठे, बोटांची टोकं, असं सगळं मिळून २० ते ३० सेकंद चोळायचं. हे करायला मी हँड ट्रॅकिंग वापरलं. म्हणजे हेडसेटचे कॅमेरे तुमचे हात बघतात आणि आत तसे हात दाखवतात. एकेक हात वेगळा असला की उत्तम चालतं. पण एक हात दुसऱ्यावर आला की कॅमेऱ्याला खालचा दिसत नाही, आणि आतले हात गायब तरी होतात नाहीतर बोटं वेडीवाकडी होतात. हात चोळणं म्हणजे तर सगळा वेळ एकावर एकच. दोन आठवडे झगडून मी शेवटी सोपा रस्ता काढला. बाटली दाबली की एक छोटं अ‍ॅनिमेशन, हात चकाकतात, टिंग असा आवाज, बरोबरची खूण. तीन सेकंद. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मुद्दा रक्ताचा आहे, हात धुणं मुलींना येतंच, आणि वाट बघायला लावलं तर कंटाळतील. टीममधल्या कुणीच हरकत घेतली नाही.

साधारण दीड महिन्यानं मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता. "तुमच्या त्या डब्यात हात किती वेळ चोळतात?"

मी म्हटलं, तीन सेकंद.

पलीकडे काहीच नाही. मग त्यांनी सांगितलं. सर्जरीच्या वॉर्डात एक मुलगी ड्रेसिंगला गेली, बाटली दाबली, दोनदा हात एकमेकांवर फिरवले आणि जखमेकडे वळली. मॅडमनी थांबवलं. त्यांना वाटलं घाई झाली असेल. मग त्यांनी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवलं. आणखी चार-पाच जणी तसंच करत होत्या, आणि त्या सगळ्या हेडसेटवर सर्वांत जास्त सराव केलेल्या. म्हणजे हुशार मुली. एकीनं तर विचारल्यावर सांगितलं, "मॅडम, तिथे बरोबर दाखवतो."

पेशंटला काही झालं नाही, कारण मॅडम तिथे होत्या. दुसऱ्या वॉर्डात त्या नव्हत्या. तिथे काय झालं असेल ते मला कधीच कळणार नाही. सिम्युलेशनच्या क्षेत्रात याला निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात. मी तो शब्द वाचलेला होता. वैमानिकांच्या सिम्युलेटरबद्दल. मला वाटायचं तो दुसऱ्या लोकांचा प्रश्न आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आपण रोज असले शॉर्टकट घेतो हो. लोडिंगला वेळ लागतो, अ‍ॅनिमेशन छोटं कर. फॉर्म लांबतोय, दोन खाने काढ. ऑनलाइन दुकानात त्यानं फार तर एखादी ऑर्डर चुकते. इथे मी जे गाळलं होतं ते "गरजेचं नाही" असं शिकवून झालं होतं. पडद्यावर कुठेही तसं लिहिलं नव्हतं, उलट हिरवी खूण होती.

दुरुस्ती मात्र हास्यास्पद वाटावी इतकी साधी निघाली. आता सॉफ्टवेअरमध्ये हँडरब नाहीच. ती पायरी आली की हेडसेट बाहेरची खरी खोली दाखवायला लागतो, त्याला पासथ्रू म्हणतात. समोर टेबलावर खरी बाटली ठेवलेली असते. मुलगी खरे हात खऱ्या द्रवानं पूर्ण वेळ चोळते, मॅडम बघतात आणि टॅबवर एक बटण दाबतात. मग पुन्हा आत. आमच्या प्रॉडक्टमधलं सगळ्यात चांगलं फीचर म्हणजे एक प्लास्टिकची बाटली, असं आमच्यातला एक जण म्हणतो. मला ते अजून फारसं विनोदी वाटत नाही. ज्या मुलींना आधी तीन सेकंदांची सवय लागली होती त्यांच्यासाठी मॅडमनी आठवडाभर लॅबमध्ये वेगळा सराव घेतला. त्या वेळचं बिल आम्ही लावलं नाही.

यामुळे दुसरा निर्णय बदलला, आणि तो जास्त अवघड होता. पहिली पंधरा मिनिटं. मी तिथे फास्ट फॉरवर्डचं बटण ठेवलं होतं. दाबलं की भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पळायचे आणि नेमके रिअ‍ॅक्शनपाशी थांबायचे. हँडरबच्या प्रकारानंतर मी ते स्वतःच काढलं. थांबणं हेच जर काम असेल तर थांबायला लावलं पाहिजे. पण अर्धा किलोचा डबा घालून पंधरा मिनिटं, त्यात आधीची तपासणी धरून पंचवीस! म्हणून मुलगी खऱ्या स्टुलावर बसते, आतही स्टुलावर बसते. चालणं नाही, म्हणून ढवळणंही जवळपास नाही. ज्यांना तरीही त्रास होतो त्यांना काढून ठेवायची मुभा, मार्क कापत नाही.

आणि त्या पंधरा मिनिटांत वॉर्ड गप्प बसत नाही. पलीकडच्या पलंगावरून "सिस्टर, सलाईन संपलं." एक नातेवाईक येऊन विचारतो, डिस्चार्जचे कागद कधी मिळणार. कुणीतरी भांडं मागतं. मामा कुठे दिसत नाहीत. यातलं प्रत्येक काम खरं आहे, आणि प्रत्येकासाठी उठावंसं वाटतं. पेशंट तोपर्यंत शांत पडलेला. बऱ्याच फेऱ्यांमध्ये पंधरा मिनिटं काहीच होत नाही, हे आम्ही मुद्दाम ठेवलं आहे, कारण खऱ्या वॉर्डातही बहुतेक वेळा काही होत नाही. पहिल्या दिवशी तीन मुलींनी विचारलं, "ताई, अडकलं का हे?"

मग सातव्या-आठव्या मिनिटाला कधीतरी माझे बाबा म्हणतात, "सिस्टर, कसंतरी होतंय."

पहिल्या चाळीसपैकी किती जणींनी लगेच रक्त थांबवलं हा आकडा मी सांगणार नाही, कॉलेजला तसा शब्द दिलाय. एवढं सांगते की एक मुलगी, जिनं लेखी परीक्षेत हे उत्तर पूर्ण लिहिलं होतं, तिनं पेशंटला ब्लँकेट दिलं आणि सलाईनवाल्याकडे वळली. बाहेर आल्यावर ती खूप रडली. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, रडू दे, इथे रडलेली बरी. मग सगळ्यांना गोल करून बसवलं आणि तिलाच विचारलं, ब्लँकेट का दिलंस? ती म्हणाली, थंडी वाजते म्हणाले म्हणून. यात चूक काय होती? काहीच नाही, ब्लँकेट द्यायलाच हवं. पण आधी काय? तासभर चाललं ते. शेवटी शेवटी तीच दुसरीला समजावत होती.

हा तास म्हणजे डीब्रीफिंग, आणि हेडसेट विकणारे लोक नेमकं हेच सांगत नाहीत. अमेरिकेत नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा चालवणारी एनसीएसबीएन ही संस्था आहे. तिचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला, १० नर्सिंग प्रोग्रॅममधला. वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास काढून तिथे सिम्युलेशन घातलं तरी विद्यार्थ्यांच्या ज्ञानात, कामात, परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. विक्रेते हे वाक्य इथेच थांबवतात. पण त्या कॉलेजांमध्ये शिकवणाऱ्यांना आधी खास प्रशिक्षण दिलेलं होतं आणि प्रत्येक सत्रानंतर नीट डीब्रीफिंग होतं. शिवाय तिथला भर पुतळे आणि माणसांनी वठवलेल्या पेशंटवर होता, डोळ्यांवरच्या डब्यावर नाही. "आमचा हेडसेट घ्या, वॉर्डाचे तास निम्मे करा" असं कुणी त्या अभ्यासाच्या जिवावर सांगत असेल तर मी त्याच्याकडून काही घेणार नाही. आम्ही वॉर्डाचा एकही तास कमी केलेला नाही.

हिशेबही बघा. ४० जण, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे सोळा तासांच्या वर. हेडसेट दोन. दोन तासांत बॅटरी संपते. म्हणून आता एक जण आत असते आणि बाकीच्या टीव्हीवर तिला काय दिसतंय ते बघतात, वहीत वेळ लिहीत. कधीकधी मला वाटतं टीव्हीवर बघणाऱ्याच जास्त शिकतात.

बारीकसारीक भानगडी तर विचारूच नका. हेडसेटचा मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर येतो, आणि युनिफॉर्मवर अंबाडा सक्तीचा. चष्मा आत मावत नाही. केसांचं तेल फोमला लागतं. आणि पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, हे एकीचं काढून दुसरीला घालता, मधे कशानं पुसता?" इन्फेक्शन कंट्रोल शिकलेल्या वर्गापुढे मी ओल्या टिश्यूनं पुसत होते! आता चेहऱ्याला लागणारा भाग धुता येणाऱ्या सिलिकॉनचा आहे, प्रत्येकीनंतर निर्जंतुक करतो. भिंगांना स्पिरिट लावायचं नाही, ती कोरड्या मऊ कापडानं.

मागच्या दिवाळीत आत्याला हेडसेट घालून बघायला दिला. आधी नको नको म्हणाली. मग स्टुलावर बसली, आणि जी बसली ती उठलीच नाही. भांडं मागणाऱ्याला तिनं मोठ्यानं सांगितलं, "थांबा, आले दहा मिनिटांनी." दर दीड-दोन मिनिटांनी ती हात पुढे करत होती. मला वाटलं काहीतरी दाबायचा प्रयत्न करतेय. काढल्यावर विचारलं, तर म्हणाली, "अगं, याच्या अंगाला हात लागत नाही. गार पडलाय का घाम आलाय, कसं कळायचं? पेशंट बोलायच्या आधी ते हाताला कळतं."

म्हणजे फिरून पुन्हा मॅडमच्या पहिल्या वाक्यापाशी. बोटानं शोधतात.

सध्या आम्ही असं करून बघतोय. मॅडमच्या लॅबमधला तोच प्लास्टिकचा हात खऱ्या पलंगावर ठेवायचा आणि आतल्या पेशंटचा हात बरोबर त्याच्यावर आणायचा. मुलीनं आत पेशंटचं मनगट धरलं की बाहेर तिच्या हाताला खरंच मनगट लागेल. प्लास्टिकच्या आतून गार पाण्याची नळी फिरवली तर गारही लागेल, तो जुगाड आमच्यातल्या एकानं फिशटँकच्या पंपावर केलाय आणि अजून गळतो. जुळणीही पूर्ण झालेली नाही, काल रात्री तपासलं तेव्हा आतला हात बाहेरच्या हातापेक्षा दोनेक सेंटिमीटर वर तरंगत होता. पुढच्या महिन्यात कॉलेजला न्यायचंय. तुमच्यापैकी कुणी वॉर्डात काम करत असेल, किंवा केलेलं असेल, तर मला एवढंच कळवा: पेशंटपाशी उभं राहिल्यावर तुमचा हात आधी कुठे जातो? मनगटाला, कपाळाला की पायाला? पंप एकच आहे, म्हणून विचारतेय.